एनएलपीचा कोर्स लावण्याआधी

मुलगा बोलताना अडखळतो, त्याला एनएलपीच्या शिबिराला घालू का? मुलाखतीत बोबडी वळते, दोन दिवसांच्या कार्यशाळेने फरक पडेल का? स्पीच थेरपिस्टकडे सहा महिने जायचं की ‘सुप्त मनावर थेट काम’ करून एका बैठकीत मोकळं व्हायचं? हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येक प्रश्नामागे एक जाहिरात असते आणि त्या जाहिरातीत आत्मविश्वास, संवादकौशल्य आणि वाचादोष हे तिन्ही एकाच ओळीत, एकाच फीमध्ये बसवलेले असतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. या तीन अडचणींची मुळं वेगळी, उपाय वेगळे आणि ते करणारी माणसंही वेगळी. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की वाचादोषावर एनएलपी हा उपचार नाही. आत्मविश्वास आणि संवादासाठी त्यातलं जे उपयोगी पडतं ते बहुतेक दुसरीकडून आलेलं आहे, आणि दुसरीकडे ते कमी पैशांत, अधिक खात्रीने मिळतं. हे का, आणि मग नेमकं काय करायचं, ते पाहू.

आधी ठरवा, अडचण कुठे आहे

कुठलाही कोर्स निवडण्यापूर्वी स्वतःची किंवा मुलाची अडचण खालीलपैकी कशात बसते ते बघा.

- बोलण्याच्या क्रियेतच अडचण आहे. शब्दाचं पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, ताणलं जातं किंवा ओठ-जीभ अडकून आवाजच फुटत नाही (तोतरेपणा). काही वर्ण चुकीचे येतात, ‘र’चा ‘ल’ होतो (बोबडेपणा). आवाज बसलेला असतो, मूल उशिरा बोलायला लागतं, किंवा पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत.
- बोलता येतं, पण भीती आड येते. घरी, मित्रांत गप्पा रंगतात. साहेबांसमोर, मंचावर, फोनवर मात्र घशाला कोरड पडते, छाती धडधडते, आणि म्हणून तसे प्रसंगच टाळले जातात.
- भीती बेताचीच, सराव नाही. मुद्दे कसे मांडायचे, सुरुवात कुठून करायची, समोरच्याला ‘नाही’ कसं म्हणायचं, हे कधी कुणी शिकवलेलं नसतं.

पहिल्या प्रकाराला स्पीच थेरपिस्ट लागतो, दुसऱ्याला मानसोपचाराची पद्धत, तिसऱ्याला शिक्षक आणि सराव. दोन प्रकार एकत्र असू शकतात. वर्षानुवर्षं तोतरं बोलणाऱ्या माणसाला भीतीही बसलेली असते. पण भीती आहे म्हणून तोतरेपणा भीतीतूनच आला, असा उलटा निष्कर्ष काढला की रस्ता चुकतो. एनएलपीवाले नेमका हाच निष्कर्ष विकतात.

दोन गोष्टींत मात्र निवड करत बसू नका. मोठ्या माणसाचं बोलणं एकाएकी जड झालं, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, तर १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि बसलेला आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

एनएलपी म्हणून तुमच्या हाती काय पडतं

न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ विद्यापीठाच्या आवारात जन्माला आलं. रिचर्ड बँडलर हा तिथला विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे अध्यापक. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटायर आणि संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन या तीन नामांकित उपचारकांचं बोलणं-वागणं बारकाईने पाहायचं, त्यातल्या लकबी वेगळ्या काढायच्या आणि त्या कुणालाही शिकवायच्या, अशी त्यांची कल्पना होती. १९७५ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. कल्पना हुशारीची होती. पण उपचारकाला गुण कशामुळे येतो हे न तपासता त्याची बोलण्याची ढब उचलली की गुणही येईल, हे त्यातलं गृहीतक तेव्हाही कच्चं होतं.

आज कार्यशाळेत तुम्हाला साधारण पुढच्या गोष्टी शिकवतात. ‘अँकरिंग’, म्हणजे एखादा यशाचा क्षण डोळ्यांपुढे आणून अंगठा आणि बोट दाबायचं आणि पुढे गरज पडेल तेव्हा तेच बोट दाबून तो भाव परत आणायचा. ‘स्विश’, म्हणजे नकोसं चित्र मनात लहान करत न्यायचं आणि त्या जागी हवंसं चित्र झटकन आणायचं. ‘रीफ्रेमिंग’, म्हणजे त्याच घटनेला दुसरा अर्थ लावायचा. समोरच्याच्या बसण्या-बोलण्याशी आपली लय जुळवायची. माणसं ‘बघणारी’, ‘ऐकणारी’ आणि ‘अनुभवणारी’ अशा तीन गटांत वाटून त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोलायचं. डोळे कुठे वळतात यावरून मनात काय चाललंय ते ओळखायचं. शिवाय ‘नेहमी’, ‘सगळे’, ‘कुणीच’ असे शब्द पकडून त्यांना प्रश्न विचारायचे.

या नावावर कुणा एका संस्थेची मालकी नाही, आणि भारतात त्याला कुठल्याही वैधानिक परिषदेची मान्यताही नाही. ‘प्रॅक्टिशनर’, ‘मास्टर प्रॅक्टिशनर’, ‘ट्रेनर’ या पायऱ्या ज्या त्या खासगी संस्थेच्या. आंतरराष्ट्रीय मानांकनाचा शिक्का असलेलं प्रमाणपत्रही एका खासगी मंडळाने दुसऱ्या खासगी माणसाला दिलेलं असतं. ते भिंतीवर लावायला हरकत नाही, पण त्यावरून रुग्ण तपासता येत नाही.

तपासून पाहिलं तेव्हा काय निघालं

एनएलपीचे जे दावे खास त्याचे स्वतःचे आहेत, ते तपासणीत टिकले नाहीत. माणसांचे ‘बघणारे-ऐकणारे-अनुभवणारे’ गट असतात आणि त्यांच्या गटाच्या शब्दांत बोललं की सूर जुळतो, हा दावा ख्रिस्तोफर शार्पली यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिला. आधार सापडला नाही. अमेरिकी सैन्याने माणसाची कामगिरी वाढवणाऱ्या निरनिराळ्या तंत्रांबद्दल विचारणा केली, तेव्हा तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९८८ च्या अहवालात एनएलपीबद्दलही असाच प्रतिकूल अभिप्राय दिला. डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटं बोलतोय, ही आपल्याकडे मुलाखती घेणाऱ्यांतही रूढ झालेली समजूत २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन, कॅरोलिन वॉट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने पारखली. खरं-खोटं आणि नजरेची दिशा यांचा संबंध दिसला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आरोग्याच्या तक्रारींवर एनएलपी वापरलेल्या दहा अभ्यासांचा आढावा आला. गुण येतो असं म्हणायला पुरावा फारच थोडा, आणि संशोधन सोडता सरकारी आरोग्यसेवेचा पैसा यावर घालवावा इतका आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

यावर कुणी म्हणेल, पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असं सिद्ध होत नाही. बरोबर आहे, त्या आढाव्यानेही अभ्यास कमी आणि कच्चे आहेत हे नोंदवलं आहे. पण पन्नास वर्षं बाजारात असलेल्या, जगभर फी घेऊन शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीच्या बाबतीत पुरावा देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नाही. ‘प्रत्येक माणूस वेगळा, म्हणून हे मोजता येत नाही’ हे उत्तरही पुरत नाही. माणसं वेगवेगळी असतातच. म्हणून तर दोन गट करून सरासरी काढतात. आणि जे मोजता येत नाही त्याची ‘९५ टक्के यश’ अशी जाहिरात तरी कशी करता येते?

याच मंडपातला आणखी एक आकडा तुम्ही ऐकला असेल: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या अभ्यासांतून हे आकडे आले. एखादा सुटा शब्द एका भावनेचा आणि आवाज किंवा चेहरा दुसऱ्याच भावनेचा असेल, तर ऐकणारा समोरच्याची आवड-नावड कशावरून ताडतो, एवढाच तिथला प्रश्न होता. सगळ्या बोलण्याला हा हिशेब लावू नये, असं मेहराबियन यांनी स्वतः सांगितलं आहे. खरंच शब्दांना ७ टक्केच किंमत असती तर न कळणाऱ्या भाषेतलं कीर्तनही आपल्याला ९३ टक्के समजलं असतं. प्रशिक्षक हा आकडा छातीठोकपणे सांगू लागला तर त्याचं बाकीचं ज्ञानही याच प्रतीचं असण्याचा संभव धरा.

‘पण मला खरंच फरक पडला’

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण असं म्हणणारे बहुतेक जण खोटं बोलत नसतात. कार्यशाळेत दोन दिवस अनोळखी माणसांत उठून बोलावं लागतं. टाळ्या मिळतात, कुणी हसत नाही. ज्याला आयुष्यभर बोलणं टाळायची सवय, त्याच्यासाठी हा मोठाच बदल असतो. पण तो बदल घडवला तो भीतीला सामोरं जाण्याने, आणि हे तंत्र एनएलपीच्या कितीतरी आधीपासून वर्तनोपचारात आहे. घटनेकडे वेगळ्या अर्थाने पाहणं हे ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत १९६० च्या दशकापासून आहे. ‘सगळे मला हसतात’ म्हणणाऱ्याला ‘सगळे म्हणजे कोण कोण?’ असं विचारणंही तिथलंच. म्हणजे कार्यशाळेत उपयोग झाला असेल तर तो बहुधा या उसन्या भागाचा. डोळ्यांच्या दिशा आणि बोट दाबणं हा वरचा वर्ख.

‘मग वर्ख असला म्हणून बिघडलं काय, नुकसान तर नाही ना?’ आहे. पैसे जातात ते सोडा. लहान मुलाचे उपचाराचे दिवस निघून जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोष रुग्णावर येतो. ‘मर्यादा तुमच्या मनात आहेत’ असं एकदा मान्य करून घेतलं की तोतरेपणा परत आल्यावर ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ हे ओघाने येतं आणि पुढच्या, अधिक महाग पायरीचा फॉर्म पुढे सरकवला जातो.

तोतरेपणा: मंचावर थांबतो, घरी परततो

तोतरेपणाचं एक वैशिष्ट्य समजून घेतलं तर निम्म्या चमत्कारांचा उलगडा होतो. हा त्रास प्रसंगाप्रमाणे कमी-जास्त होतो. बहुतेक तोतरं बोलणारी माणसं गाताना अडखळत नाहीत, चारचौघांबरोबर एका सुरात आरती किंवा प्रतिज्ञा म्हणताना अडखळत नाहीत, एकटं असताना किंवा मांजराशी बोलताना फारसं अडखळत नाहीत. ताल धरून, आवाज बदलून, नाटकातल्या पात्रासारखं बोललं तरी तात्पुरता ओघ येतो. म्हणून प्रशिक्षकाने एखाद्याला मंचावर बोलावलं, डोळे मिटायला लावले, संथ सुरात आपल्यामागे वाक्यं म्हणायला सांगितली आणि तो सलग बोलला, की सभागृह थक्क होतं. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण उपचारही नाही. दाखवायचंच असेल तर तोच माणूस सहा महिन्यांनी गॅस एजन्सीला फोन करून स्वतःचं नाव कसं सांगतो, ते दाखवावं.

नाव हा मुद्दाम निवडलेला शब्द आहे. तोतरं बोलणारे अवघड शब्द बदलण्यात तरबेज होतात. ‘पाणी’ अडलं तर ‘जल’ म्हणतील, ‘पुणे’ येईना तर गाडीचा नंबर सांगतील. नाव मात्र बदलता येत नाही. प्रकाश नावाच्या माणसाचे ओठ ‘प’वर मिटले की मिटले. अशा वेळी ‘मी सलग बोलतोय’ असं चित्र मनात आणायला सांगणं म्हणजे अडखळू नकोस असंच वेगळ्या शब्दांत सांगणं, आणि अडखळायचं नाही या धडपडीनेच ओठ आणखी घट्ट मिटतात. चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या परंपरेतला थेरपिस्ट उलट शिकवतो: अडकलात तिथेच थांबा, जोर कुठे लागलाय तो जाणवू द्या, ओठ सावकाश सैल करा, आणि त्या सैल ‘प’वरून पुढच्या स्वरात घसरा. आधी शब्द अडकल्यानंतर हे करायचं, मग अडकला असताना, आणि शेवटी अडकण्याची चाहूल लागताच. काही वेळा मुद्दाम अडखळायला लावतात, म्हणजे त्याची धास्तीच कमी होते. याला आठवडे आणि महिने लागतात. तो न दिसणारा, कंटाळवाणा सराव हाच उपचार.

तोतरेपणा ही मनाने शिकलेली भीती आहे, असं मांडणारी एनएलपीच्या वळणाची पुस्तकं आहेत. भीतीमुळे तो वाढतो हे खरं. पण तो बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो, जेव्हा मुलाला सभेची भीती असायचं काही कारण नसतं. तो घराण्यात चालतो. २०१० मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या नात्यातल्या कुटुंबांचा अभ्यास करून तोतरेपणाशी जोडलेले जनुकीय बदल शोधले. मेंदूतल्या बोलण्याच्या मार्गांतले फरकही दिसले आहेत. मोठेपणी साधारण शंभरात एकाला तो असतो, आणि पुरुषांत बायकांच्या सुमारे चौपट. हे सगळं ‘मर्यादा मनात आहेत’ या वाक्यात मावत नाही. स्पीच थेरपिस्टही पूर्ण आणि कायमच्या बरेपणाची हमी देत नाही, देऊ नये. अडखळणं कमी होणं, सोपं होणं आणि त्यामुळे काही न अडणं, हे मोठ्या माणसाच्या बाबतीत प्रामाणिक उद्दिष्ट आहे.

मूल लहान असेल तर

साधारण वीसातल्या एका मुलात कधी ना कधी अडखळणं दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं. म्हणून घाबरू नका, पण ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून वाटही पाहत बसू नका. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलं, घरात कुणाचं मोठेपणीही राहिलेलं असेल, बोलताना मूल डोळे मिटतं, मान झटकतं किंवा बोलणंच सोडून देतं, तर लगेच थेरपिस्टला दाखवा. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम पद्धत शाळेत जाण्याच्या आधीच्या वयासाठी आहे. तीत थेरपिस्ट पालकांनाच शिकवतो: रोज थोडा वेळ मुलाशी ठरवून बोलायचं, सलग बोललं की सहज कौतुक करायचं, अडखळण्याची क्वचित आणि हळुवार नोंद घ्यायची. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत ५४ मुलं होती. नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्या मुलांचं अडखळणं १.५ टक्के अक्षरांवर आलं, उपचार न घेतलेल्या गटात ते ३.९ टक्के राहिलं. दोन्ही गटांत सुधारणा झाली होती हे लक्षात घ्या. तुलनेला गट नसता तर सगळं श्रेय उपचाराला गेलं असतं. कार्यशाळेच्या प्रशस्तिपत्रांत हाच गट नसतो.

दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जात नाहीत, तर सर्वात आधी कानांची तपासणी करा. हाक मारल्यावर वळतं म्हणजे नीट ऐकू येतं, असं नाही. जिभेला वेखंड किंवा अक्कलकारा चोळणं, तोंडात सुपारी-गोटी धरून बोलायला लावणं यांनी बोलणं येत नाही. सुपारी श्वासनलिकेत अडकण्याचा धोका मात्र येतो. ‘नीट बोल’, ‘श्वास घे आणि परत सांग’ हेही टाळा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, आणि तुमचाच वेग उतरवा. परदेशात किंवा इंग्रजी माध्यमात मूल असलं की ‘घरात मराठी बंद करा’ असा सल्ला हटकून मिळतो. दोन भाषांमुळे तोतरेपणा किंवा वाचाविलंब होतो याला आधार नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेतलीत तर बोलण्याचे प्रसंग तेवढे कमी होतील.

भीती आणि सरावाची अडचण असेल तर

मंचाची भीती रोजच्या कामाआड येत असेल, तुम्ही बढती नाकारत असाल, तोंडी परीक्षा चुकवत असाल, तर बोधात्मक-वर्तन उपचार येणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. त्यात प्रसंगांची चढती शिडी करतात: आधी दुकानात भाव विचारायचा, मग बैठकीत एक प्रश्न, मग पाच मिनिटांचं निवेदन. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं. तोतरं बोलणाऱ्या प्रौढांच्या भीतीवरही ही पद्धत स्पीच थेरपीच्या जोडीने उपयोगी पडते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

अडचण फक्त सरावाची असेल तर एनएलपीच्या वर्गाला जायला हरकत नाही. फक्त त्याला वक्तृत्वाच्या वर्गाइतकीच किंमत द्या आणि डोळ्यांच्या दिशा तिथेच सोडून या. टोस्टमास्टर्ससारखी मंडळं, गणेशोत्सवातलं सूत्रसंचालन, सोसायटीच्या सभेतलं आभारप्रदर्शन यांतून तोच सराव जवळजवळ फुकट होतो. घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड तीच, नाव वेगळं. हे रीफ्रेमिंगच आहे, पण तपासलेलं. दुसरं, आपली थरथर आपल्याला वाटते तितकी समोरच्याला दिसत नाही. मोबाइलवर स्वतःचं भाषण चित्रित करा, दुसऱ्या दिवशी पाहा, आणि कुणा स्पष्टवक्त्या मित्रालाही दाखवा.

पैसे भरण्याआधी विचारा

- तुमची पदवी काय? वाचादोषासाठी बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारातली पदवी) किंवा त्यावरची पदव्युत्तर पदवी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचीही नोंदणी तिथेच होते. क्रमांक घेऊन परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का तेही बघा.
- आधी तपासणी करून लेखी अहवाल देणार का? तपासणीआधीच दहा बैठकींचं पॅकेज सांगत असतील तर उठा.
- सुधारणा कशी मोजणार, आणि सहा महिन्यांनी परत बघणार का?
- मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, हे पावतीवर लिहून द्याल का?

‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, मोफत परिचय सत्रानंतर लगेच कार्ड यंत्र, निखाऱ्यावरून चालण्याचा कार्यक्रम, मुलाला एकट्याला निवासी शिबिरात पाठवण्याचा आग्रह, चालू औषध किंवा थेरपी बंद करण्याचा सल्ला: यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी पैसे भरू नका. स्पीच थेरपिस्टच एनएलपीही करत असतील तर त्यांना सरळ विचारा, यातलं स्पीच थेरपीचं काम कोणतं आणि त्याचे वेगळे पैसे किती. नोंदणी असलेल्या माणसानेही शिकलेल्या पद्धतीऐवजी न तपासलेली पद्धत पुढे केली तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कायदा तुमच्या बाजूने

भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार नोंदणी नसलेल्या माणसाला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. कलम १३ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, पण कैदेची तरतूद तशी नाही. म्हणूनच हुशार प्रशिक्षक ‘थेरपी’ न म्हणता ‘कोचिंग’ म्हणतात. जाहिरातीत तोतरेपणा बरा करण्याचा दावा असेल तर तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. गोळ्या, चूर्ण किंवा तेल सोबत देत असतील तर आणखी एक नियम लागू पडतो: औषध नियमावलीच्या अनुसूची ‘जे’मध्ये, म्हणजे ज्या विकारांवर औषधाने बरं करण्याचा दावा करता येत नाही त्या यादीत, तोतरेपणाचं नाव आहे. अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते.

पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येते. आधी संस्थेला लेखी, पोच मिळेल अशा रीतीने परतावा मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, संस्था दुसऱ्या शहरात असली तरी. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

जायचं कुठे

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, आणि नायर रुग्णालयात श्रवण-वाचा विभाग. पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे. शिक्षण देणाऱ्या अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तपासणीला वेळ लागतो, पण फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी (लवकर निदान आणि उपचाराची) केंद्रं आहेत आणि तिथली सेवा मोफत आहे. अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीचं पथक येतं तेव्हा बोलण्याची अडचण आपणहून सांगा, कारण धावपळीच्या तपासणीत गप्प बसलेलं मूल सहज नजरेतून सुटतं. केंद्रात थेरपिस्टचं पद रिकामं असलं तर तसं लिहून घेऊन जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मागा. तालुक्याच्या गावी कुणीच नसेल तर नोंदणीकृत थेरपिस्टकडून ऑनलाइन बैठकाही घेता येतात. तोतरेपणासाठी त्या चालतात, लहान मुलाच्या कानांची तपासणी मात्र प्रत्यक्षच करावी लागते.

पहिल्या भेटीला जाताना घरातल्या नेहमीच्या बोलण्याचा, जेवताना किंवा खेळतानाचा, दहा मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात मूल गप्प बसतं किंवा नेमकं स्वच्छ बोलतं, आणि थेरपिस्टला पाहायचं असतं ते नेमकं दिसत नाही.